सात डोकी, दहा शिंगं

आमच्या घरात जगाचा अंत रोज संध्याकाळी जेवणाच्या आधी व्हायचा. माझे मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, ओसरीवर चटई टाकून बसत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणत आणि बायबलाचं शेवटलं पुस्तक उघडून त्यातली श्वापदं एकेक करून बाहेर काढत. समुद्रातून वर येणारं सात डोक्यांचं श्वापद. जमिनीतून निघणारं, कोकरासारखी दोन शिंगं असलेलं दुसरं. एवढ्यानं भागलं नाही तर मागच्या एका संदेष्ट्याच्या दृष्टांतातून पंखवाला सिंह आणि तोंडात तीन फासळ्या धरलेलं अस्वल उसनं आणायचं. आत चुलीवर अंबाडीची भाजी रटरटत असे, आई काठवटीत भाकरी थापत असे, आणि त्या थपथप आवाजाच्या तालावर बाहेर राज्यं बुडत, तारे गळून पडत, समुद्राचं रक्त होई. मग मोठेबाबा पुस्तक मिटून विचारत, "झाली का वं भाकर?" जग बुडालं तरी त्यांना भाकर गरमच लागायची.

वाशीमला मिशनच्या आवारामागे कौलारू खोल्यांची एक ओळ होती, त्यात आम्ही राहत होतो. बाबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. त्यांच्या कपड्यांना कायम टिंक्चरचा वास. स्वभावानं इतके गरीब, की कडू औषध देतानासुद्धा रोग्याची माफी मागतील. मोठेबाबा विधुर होते आणि आमच्याकडे जेवत. आयुष्यभर प्रचारक म्हणून खेडोपाडी हिंडले होते, आता मंडळीचे, म्हणजे देवळात जमणाऱ्या ख्रिस्ती समाजाचे, वडील पंच म्हणून रविवारी पहिल्या रांगेत बसायचे. आमच्या ओळीतल्या कुणाचंही लग्न त्यांच्या शब्दाशिवाय ठरत नसे. त्यांचा उपासना चालवणाऱ्या पाळकबुवांवर दाब होता, बाबांवर तर होताच. माझी थोरली बहीण मार्था, तिला मी ताई म्हणते, ती त्यांच्यापुढे मान खाली घालून असायची. मी नसायचे, आणि त्याचं बक्षीस मला वेळोवेळी मिळत असे.

श्वापदं नुसती सांगून लोकांच्या डोक्यात शिरत नाहीत म्हणून मोठ्याबाबांनी एक मोठा मांजरपाटाचा पडदा रंगवून घेतला. रंगवणारे करीम पेंटर. ते बाजारात हॉटेलांच्या पाट्या रंगवत आणि पोळा आला की बैलांची शिंगं. मराठी बायबलात सात डोक्यांच्याच आणखी एका लाल राक्षसी प्राण्याला अजगर म्हटलंय. करीमचाचांनी अजगर पाहिलेला होता. त्याला पाय नसतात, शिंगं नसतात, तो लाल नसतो, हे त्यांनी अदबीनं सांगून पाहिलं. मोठेबाबा म्हणाले, हा आत्मिक अजगर आहे. "मंग ठीक हाये बाप्पा, आत्मिक असला तं काईबी काढतो," असं म्हणून चाचांनी लाल रंगाचा डबा उघडला. अस्वल मात्र त्यांनी हुबेहूब काढलं, कारण अस्वलवाला दर उन्हाळ्यात गल्लीत यायचा आणि बाया लेकरांच्या ताइतासाठी त्याच्याकडून अस्वलाचे केस घ्यायच्या. फक्त तोंडातल्या तीन फासळ्या मुळ्यासारख्या दिसत. कितीतरी दिवस मी ते मुळे खाणारं अस्वल समजत होते.

खरी अडचण आली ती शिंगांची. डोकी सात आणि शिंगं दहा. कुठल्या डोक्यावर किती, ते शास्त्रात दिलेलं नाही. करीमचाचा कुंचला हातात धरून विचारात पडले, मग म्हणाले, "चार डोक्याइले एकेक देतो अन् तीन डोक्याइले दोन-दोन. बरोबर दहा होते." हिशेब चोख होता. पण पुढच्याच आठवड्यात मोठ्याबाबांनी मंडळीत सांगितलं की दोन शिंगांची तीन डोकी म्हणजे जगातली तीन बलाढ्य राज्यं होत आणि देवानं त्यांना मुद्दाम दोन शिंगं दिलेली आहेत. पेंटरची सोय तिथं देववाणी झाली. मी उभी राहून म्हणाले, "मोठेबाबा, ते तं करीमचाचानं वाटले." त्या दिवशीच्या थपडीचा आवाज मला अजून आठवतो. दुःख थपडीचं नाही, सगळी मंडळी 'आमेन' म्हणाली त्याचं आहे.

त्यांची रीत एकदा कळली की कुणालाही जमण्यासारखी होती. मिशनच्या बंगल्यावरून आठवड्याचं शिळं वर्तमानपत्र यायचं. त्यात ज्या राज्याचं नाव मोठ्या अक्षरात, ते त्या आठवड्याचं श्वापद. अस्वल म्हणजे रशिया, हे पक्कं. त्याच दृष्टांतातला चित्ता दर दोन-तीन महिन्यांनी देश बदलायचा. श्वापदाचा जो प्रसिद्ध आकडा आहे, सहाशे सहासष्ट, तो काढायला त्यांनी बाराखडीच्या प्रत्येक अक्षराला एक अंक दिला होता, आणि संशयिताचं नाव बेरजेत बसलं नाही तर ते वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ करून बसवत. व्याकरणाच्या चुकीवर ख्रिस्तविरोधी ठरवणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. आता मी म्हातारी झाले, आणि माझा सुशिक्षित भाचा मोबाइलवर मला व्हिडिओ दाखवतो की श्वापदाची खूण लशीत आहे, कार्डाच्या आकड्यात आहे, अमक्या कंपनीच्या चिन्हात आहे. मी त्याला म्हणते, बाबा, तुझ्या चुलतआजोबांनी यापेक्षा बरी थाप मारली असती, त्यांच्याकडे निदान पडदा तरी होता.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. श्वापदं समुद्रात होती, वाशीमला समुद्र नाही. पण एका हिवाळ्यात मोठेबाबा खुणेवर आले. शास्त्रात सांगितलंय की श्वापद सगळ्यांच्या उजव्या हातावर किंवा कपाळावर खूण करील आणि ती नसेल त्याला काही विकत घेता किंवा विकता येणार नाही. ही खूण कोणती, हे मोठेबाबा काही दिवस वर्तमानपत्रात शोधत होते. मग एका संध्याकाळच्या प्रार्थनेत, कंदिलाच्या उजेडात, त्यांची नजर समोर दरीवर, म्हणजे सतरंजीवर, बसलेल्या बायांवरून फिरली आणि त्यांना अर्थ सापडला. गोंदण.

आमच्या भागातल्या बाईचं अंग गोंदल्याशिवाय राहत नसे. आमच्या मंडळीतल्या निम्म्याहून जास्त बाया बाप्तिस्म्याआधी गोंदलेल्या होत्या. मोठेबाबा उभे राहून आपल्या व्यासपीठावरच्या शुद्ध मराठीत म्हणाले, "भगिनींनो, आपापले उजवे हात पाहा!" बायांनी पाहिले. ज्यांच्या डाव्या हातावर तुळस होती किंवा हनुवटीवर ठिपका होता, त्या सुटल्या आणि देवाचे आभार मानू लागल्या. शेजारच्या सुंदराबाईनं आपले दोन्ही हात उलटेपालटे करून विचारलं, "मी तं डावखुरी हाव, भाऊ. मंग माया उजवा हात कोन्ता धरा लागते?" हा प्रश्न मोठ्याबाबांनी फार गंभीरपणे घेतला. दोन दिवस विचार करून त्यांनी तिला सोडून दिलं.

उजवा हात आणि कपाळ, दोन्हीकडे गोंदण असलेली बाई एकच निघाली. माझी आई.

आई आसेगावकडची, शेतकऱ्याच्या घरातली. तिच्या वडलांनी सगळ्या घरासकट बाप्तिस्मा घेतला तेव्हा ती परकरी पोर होती. पार्वतीची रूथ झाली, पण त्याआधीच गोंदणारणीनं तिच्या दोन भुवयांच्या मध्ये तीन ठिपके आणि एक बारीक रेघ काढली होती, आणि उजव्या पालथ्या हातावर विंचू. हातावर विंचू असला की खरा विंचू चढत नाही, अशी तिकडची समजूत. त्या विंचवावर मी लहानपणी बोट फिरवत झोपायचे. नांगी मनगटाकडे वळलेली, पाय बोटांकडे. मोठ्याबाबांना तो विंचू पाहून पराकाष्ठेचा आनंद झाला असणार, कारण त्याच शेवटल्या पुस्तकात विंचवाची नांगी असलेले टोळ आहेत, माणसांच्या तोंडांचे आणि बायांच्या केसांचे. एकाच बाईच्या अंगावर त्यांना दोन अध्याय सापडले. जिच्या हातची भाकर ते रोज खात होते तिच्या त्याच हातावर.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळी मंडळी भाकरीचा तुकडा खाते त्या दिवशी, मोठेबाबा भाकरीच्या तुकड्यांची ताटली घेऊन बायांच्या बाजूनं आले आणि आईपुढून तशीच पुढं नेली. आई पदराखाली हात घेऊन बसली. पाळकबुवांनी पाहिलं आणि खाली पुस्तकात पाहू लागले. मला अजून त्या माणसाचा राग येतो. मोठेबाबा निदान स्वतःच्या मूर्खपणावर विश्वास ठेवत होते. हे नुसतं पानं उलटत होते.

त्याच सुमारास ताईला रिसोडचं स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर, दिसायला बरा, आणि ताईनं त्याला एकदा नाताळात पाहिलेलं. ती कुणाला सांगत नव्हती, पण पाणी भरताना गाणं म्हणू लागली होती, त्यावरून घरात सगळ्यांना कळलं. मुलाचे वडील मोठ्याबाबांचे जुने सोबती, श्वापदांच्या बाबतीत त्यांच्याही पुढचे. त्यांचा निरोप आला की मुलगी पसंत आहे, पण जिच्या आईच्या अंगावर खूण आहे त्या घरचं पाणी आपण कसं प्यावं, एवढाच प्रश्न आहे. मोठ्याबाबांनी तोडगा काढला. खूण जाळून टाकायची. बिब्ब्यानं.

ज्यांना बिब्बा माहीत नाही त्यांनी एवढंच समजावं की ते जंगलातलं एक काळं फळ असतं. सुईला टोचून दिव्यावर धरलं की त्यातून काळं तेल गळतं, ते आमच्याकडे टाचेच्या भेगांत भरतात. अंगाला लागलं तर कातडी उतते, फोड येतात, मांस सडतं. आणि परीट याच बिब्ब्यानं कपड्यांवर खुणा करतो, कारण ती खूण कितीही धुतलं तरी जात नाही. खूण पुसायला सगळ्या वऱ्हाडात त्या विद्वानाला तेवढी एकच वस्तू सापडली.

बाबा म्हणाले, "दादा, बिब्बा उतते. मी रोज पाह्यतो दवाखान्यात. हात जाईन तिचा."

"हात जावा पण जीव वाचावा," मोठेबाबा म्हणाले. "शास्त्र काय सांगते? उजवा हात पाप करवत असला तं तोडून टाक."

"तिच्या हातानं काय पाप केलं, दादा?"

एवढंच बाबा म्हणाले. त्यांच्या जन्मात भावापुढं ते एवढं बोलले हेच खूप, असं लोक मला समजावतात. मला तेव्हाही ते खूप वाटलं नाही आणि आताही वाटत नाही.

आईनं एका दुपारी, बाबा दवाखान्यात आणि आम्ही शाळेत असताना, स्वतःच केलं. मी घरी आले तेव्हा ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती आणि हात पाण्याच्या घमेल्यात. "काई नाई, उतला थोडा," म्हणाली. रात्रीपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला. ताप चढला. ताई तिच्या उशाशी बसून रडत होती, "माय, काहून केलं वं? मी कुठं म्हनलं होतं?" आई म्हणाली, "तू पानी भरतानी गानं म्हनतं ना, ते आयकलं म्या." ताई त्यानंतर महिनाभर आडावर तोंड उघडत नव्हती.

पुढचे कितीतरी दिवस बाबा सकाळ-संध्याकाळ पट्टी बदलत. घरात टिंक्चरच्या वासात सडक्या मांसाचा वास मिसळला. भाकरी ताई थापायची, त्या जाड व्हायच्या, आणि मोठेबाबा जेवताना म्हणायचे की रूथच्या हातची सर नाही. हे ते वाईट मनानं म्हणत नव्हते. त्यांना खरोखरच दोन गोष्टींचा संबंध लागत नव्हता. जखम भरली तेव्हा विंचू गेला होता. त्याच्या जागी मनगटापासून बोटांपर्यंत एक काळा, आवळलेला, चकाकता डाग होता, विंचवाच्या चौपट, आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट वाकत नव्हतं.

रिसोडचे पाहुणे आले. मुलाच्या वडलांनी हात पाहिला आणि "प्रभूची स्तुती असो" म्हणाले. मग चहा पिता पिता त्यांनी दारातून आत, चुलीपाशी बसलेल्या आईच्या तोंडाकडे पाहिलं. "अन् कपाळाचं?" मोठेबाबा म्हणाले, "होईल, तेही होईल. थोडा अवधी द्या." पाहुणे म्हणाले, कपाळाचं झालं की तारीख धरू. आत आई पोहे परतत होती. तिच्या हातातला झारा थांबला नाही, पण पोहे करपले. त्या संध्याकाळी बाबा तिला म्हणाले, "डोळ्याजवळ बिब्बा लावू नको, आंधळी होशीन." आई म्हणाली, "पाह्यतो." तिनं आणखी दोन बिब्बे आणून फळीवर ठेवले होते. मी ते चोरून आवाराबाहेर फेकले. तिनं परत आणले.

आणि मग सरकारनं नवे पैसे काढले. आणे-पै जाऊन रुपयाचे शंभर झाले. बाजारात नुसता गोंधळ, बाया भाजीवालीशी भांडताहेत, दुकानदार बोटं मोडताहेत. मोठेबाबा तेव्हा आकोल्याला सभेला गेले होते. तिथं कुणी मोठ्या उपदेशकानं सांगितलं की दशमान पद्धत म्हणजेच दहा शिंगं, आणि ज्याच्यावाचून घेता-विकता येत नाही ती खूण म्हणजे हे नवं नाणं. ते रात्रीच्या गाडीनं नाचतच परत आले. दुसऱ्या दिवशी जेवायला बसल्यावर त्यांनी आम्हाला हा नवा प्रकाश दिला. "खूण म्हणजे गोंदण नव्हे. तो आमचा कच्चा अर्थ होता. देव टप्प्याटप्प्यानं उघड करतो. रिसोडला पत्र टाकलं मी, कपाळाचं काही कारण नाही आता."

आमच्याकडे बाई भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, तोंडानं बोलत नाही. बाप्तिस्मा झाला तरी ही चाल काही गेली नव्हती. आईला त्यांना काही सांगायचं असलं की ती माझ्याकडं पाहून बोले. तसंच ती माझ्याकडं पाहून म्हणाली, "विचार मोठ्याबाबाले, मंग माया हाताचं काय?"

मला पुन्हा विचारावं लागलं नाही. त्यांनी ऐकलं होतं. घास गिळून म्हणाले, "देव हेतू पाहतो. हेतू चांगला होता." आणि वाटी पुढं केली. "कढी आहे का आणखी?"

आईनं दोन्ही हातांनी भांडं धरून कढी वाढली. त्या संध्याकाळी मी मोठ्याबाबांना बाजारात पाहिलं. श्वापदाची खूण देऊन त्यांनी तपकिरीची पुडी घेतली आणि परत मिळालेल्या खुणा खिशात टाकल्या.

पुढचा रविवार प्रभुभोजनाचा होता. रिसोडचे लोक आले होते, कारण उपासनेच्या शेवटी पाळकबुवा मंडळीपुढे ताईच्या लग्नाची घोषणा करणार होते. ती घोषणा झाली नाही, हे आत्ताच सांगून टाकते. मुलाचे वडील त्या दिवशी उठून गेले ते गेले, मुलगाही त्यांच्या मागं गेला. त्यानं ताईकडे वळूनही पाहिलं नाही. ताईनं नंतर नर्सिंगचं शिक्षण घेतलं आणि उशिरा, स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं. पण त्या सकाळी ती नवी साडी नेसून आईच्या डाव्या बाजूला बसली होती आणि तिला वाटत होतं की सगळं मार्गी लागलं. आईलाही ते माहीत होतं. आपण काय मोडतोय हे तिला पक्कं माहीत होतं, म्हणून मी तिला थोर मानते आणि म्हणूनच ताईला तिच्याशी सरळ बोलायला वर्ष लागलं.

मोठेबाबा ताटली घेऊन बायांच्या बाजूनं आले. या वेळी ते आईपुढं थांबले. थोडे जास्तच थांबले, आपण किती मोठ्या मनाचे आहोत हे सगळ्यांना दिसावं म्हणून. म्हणाले, "घे, रूथ."

आईनं उजवा हात पदराखालून काढला आणि पुढं केला, पालथा. काळा डाग वर, न वाकणारी दोन बोटं ताठ. भाकरीचा तुकडा तिनं उचलला नाही. हात ताटलीच्या वर तसाच धरला.

"घे ना," मोठेबाबा हळूच म्हणाले. ते हाताकडे पाहत नव्हते. ते खिडकीकडे पाहत होते.

आईनं मान वर केली. पदर डोक्यावरून सरकला होता, तो तिनं सावरला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्याशी तोंडानं बोलली, मोठ्यानंही नाही, पण देवळात सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.

"दादा, याचा अर्थ सांगा."

 ताटलीतले तुकडे एका बाजूला घसरले, इतकी ती कलली होती.

"सगळ्याचा सांगता," आई म्हणाली. "शिंगाचा सांगता, शेपटीचा सांगता. याचा बी सांगा. म्या वाट पाह्यतो."

मोठ्याबाबांनी तोंड उघडलं. मी दरीवर गुडघ्यांवर उठून बसले होते. मला वाटलं, आता ते म्हणतील की मला ठाऊक नाही, आणि तेवढं जरी म्हणाले असते तरी मी त्यांना त्या क्षणी सगळं माफ केलं असतं. ते म्हणाले नाहीत. तोंड मिटून त्यांनी ताटली सरळ केली आणि पुढच्या बाईकडे सरकले, आणि आईचा हात तसाच पुढं राहिला.